खुराडं निवडावं ते आषाढातल्या रात्रीसाठी

बाय, परड्यात कोंबड्या पाळायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. पण कोंबड्यांच्या आधी खुराडं घरात येऊ दे. बाजारातून तलंगा आणायच्या आणि अंधार पडल्यावर त्यांना टोपलीखाली झाकायची धावपळ करायची, असं होऊ देऊ नकोस.

आमच्या घरात आजेसासूबाईंपासून एक गोष्ट चालत आली आहे: कोंबडीला कोंडलंस की तिच्या जिवाचा भार तुझ्यावर. मोकळी गावठी कोंबडी कातरवेळी आंब्यावर नाहीतर फणसावर चढून बसते. रात्री तिला नीट दिसत नाही, तरी काही अंगावर आलंच तर निदान उडी टाकायला वाव असतो. खुराड्यात ती वाट आपणच बंद करतो. उदमांजर किंवा रानमांजर एकदा आत शिरलं की एक कोंबडी मारून थांबेलच असं नाही. म्हणून खुराडं बघायला जाशील तेव्हा ते दुपारच्या उन्हात किती देखणं दिसतंय ते बघू नकोस. आषाढातली रात्र आहे, वीज गेली आहे, पाऊस आडवा मारतो आहे आणि घरातले सगळे गाढ झोपलेत. अशा वेळी हे खुराडं कसं निभावेल, एवढंच मनाला विचार. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

माप पावसाळ्याचं धर. विकणारा म्हणेल, यात वीस सहज मावतात. मावतील, पण दाटीवाटीने. दिवसभर परड्यात चरणाऱ्या कोंबड्यांना नुसत्या रात्रीपुरती कोंबडीमागे एक-दीड चौरस फूट जागा पुरते. पण कोकणातला पाऊस लागला की दिवसचे दिवस त्या बाहेर पडत नाहीत. दाटीत मग एकमेकींची पिसं उपटतात, चोची मारतात. म्हणून कोंबडीमागे 2 चौरस फूट धर. दहा कोंबड्यांना 4 फूट बाय 5 फूट. गिरिराज, वनराज अशा अंगाने भारी जाती ठेवणार असशील तर आणखी ऐसपैस घे. सुरुवात पाच-सहा कोंबड्यांनी करणार असलीस तरी खुराडं दहांचं घे, कारण खुडूक बसली की पिल्लं होणार आणि घर भरणार.

जाळी हाताने चाचपून बघ. सहाकोनी घरांची पातळ जाळी स्वस्त मिळते. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, आणि तिच्या घरांतून उंदीर आणि साप आत येतात. अर्ध्या इंचाच्या घरांची, जाड तारेची वेल्डमेश घे. ती नुसत्या खिळ्यांवर टांगलेली नको. वरून लाकडी पट्टी मारून स्क्रूने आवळलेली हवी. मग दाराच्या कडा, कोपरे, छपराखालची फट, सगळीकडून बोट फिरव. बोट शिरेल तिथून उंदीर शिरेल, सापाचं पिल्लूही शिरेल. अंड्यांच्या वासाला घरात नाग येणं आपल्याकडे नवीन नाही. कडी एक नको, वर एक आणि खाली एक असू दे. नुसती सरकती खिट्टी पंजाने हलते. कोयंड्यात अडकणारी कडी घे.

पाय उंच हवेत. जमिनीला टेकलेलं खुराडं आपल्याकडे टिकत नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर असावा. खालून वारा खेळतो, ओल चढत नाही आणि झाडू फिरवता येतो. लाकडी पाय मातीत रोवू नकोस, जांभ्याच्या चिऱ्यावर ठेव, नाहीतर वाळवी लागते. पायांना पत्र्याचं उलटं नरसाळं बसवलंस तर घूस आणि उंदीर वर चढू शकत नाहीत. वर झाडाची फांदी टेकत नाही ना, तेही बघ. तळाला बांबूच्या कामट्या असतील तर त्यांच्यातली फट अर्ध्या इंचाहून जास्त नको. शीट खाली पडते आणि पाय अडकत नाही. पिल्लांची आई मात्र कामट्यांवर ठेवू नकोस. तिला सपाट तळ आणि त्यावर भाताचा कोरडा तूस दे.

वारा हवा, झोत नको. खुराडं पूर्व-पश्चिम लांब ठेव आणि जाळीच्या बाजू उत्तर-दक्षिण येऊ देत, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन थेट आत घुसत नाही. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूला खालचा अर्धा भाग फळीने बंद असावा आणि वर झापाचं किंवा ताडपत्रीचं झडप सोडता यावं. छप्पर दोन-तीन फूट बाहेर आलेलं असलं की पागोळ्या आत उडत नाहीत. हवा जायची मोकळी जागा कोंबड्या बसतात त्याच्या वर असावी. पत्रा चैत्र-वैशाखात भट्टीसारखा तापतो. त्यावर झापं नाहीतर पेंढा पसर. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पारा चाळिशीकडे गेला की कोंबड्या दगावतात.

वारा पुरतो का, याची परीक्षा सोपी आहे. सकाळी दार उघडल्याबरोबर वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक ने. डोळे चुरचुरले, नाकात उग्र वास गेला तर हवा कोंडते आहे किंवा तूस ओला झाला आहे. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते आणि ती पिल्लांना आधी धरते.

बसायची काठी आणि अंड्याचं खोकं. कोंबडी झोपायला उंच जागा शोधते. म्हणून काठी अंड्याच्या खोक्यापेक्षा वर हवी. उलटं झालं तर ती खोक्यातच झोपते आणि अंडी घाण होतात. काठी दीड-दोन इंच जाड, गुळगुळीत. कोंबडीमागे आठ-दहा इंच लांबी. भारी जातींना ती दीड फुटापेक्षा उंच नको, उडी मारताना पाय दुखावतात. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं, फूटभर लांब-रुंद, अंधारं, आत मऊ पेंढा. बाहेरून उघडणारं झाकण असेल तर अंडी काढणं सोपं, पण त्यालाही कडी हवीच.

तुझा हात कोपऱ्यात पोचतो का? विकत घेण्याआधी वाकून हात घालून बघ. जिथे हात पोचत नाही तिथे घाण साचते आणि आज ना उद्या रोग शिरतो. काठ्या आणि खोकी सुटी काढता आली पाहिजेत. लाकडाच्या भेगांत रक्त पिणारे बारीक किडे दिवसा लपतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. रात्री काठीखालून पांढरं फडकं फिरव. तांबडे डाग उठले तर काठी उन्हात तापव आणि भेगांत चुना भर. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, आतून चुन्याचा हात दे. जुनं वापरलेलं खुराडं मिळत असेल तर मालकाला विचार, त्याच्या कोंबड्या गेल्या कशाने? मानमोडीने गेल्या असतील तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नकोस. बाकी खुराडंही धुऊन, चुना देऊन, कडक उन्हात चांगलं वाळवल्याशिवाय वापरू नकोस.

डालगं सोडू नकोस. बुरडाकडचं डालगं रात्रीसाठी नाही, पण दिवसा पिल्लांना घारीपासून आणि कावळ्यांपासून वाचवतं. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे आपल्या कोंबड्यांपासून लांब, वेगळी ठेवायची असते. दिवसा डालगं आणि रात्री एक लहानसं बंद खोकं, एवढी सोय आधीच कर. नव्या कोंबडीबरोबर रोगही येऊ शकतो; 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, ते विसरू नये. मानमोडीची लस मात्र वेळेवर टोचून घे; खुराडं कितीही चांगलं असलं तरी लशीचं काम ते करत नाही.

पैसे कमी पडले तर आधी जाळीला आणि कड्यांना घाल, मग छपराला, मग जागेला. रंग, कौलारू शोभा, चाकं हे सगळं पुढच्या वर्षी. कोंबड्या आल्या की पहिले चार-सहा दिवस खुराड्यातच ठेव, म्हणजे घर ओळखतात आणि दिवेलागणीला आपणहून परत येतात. त्यानंतर रोज मोज, दोन्ही कड्या लाव आणि ओढून बघ. कधी गावाला जाणार असलीस तर हे काम घरातल्या एकालाच नाव घेऊन सांग. कुणीतरी लावेल म्हणून सोडलेली कडी उघडीच राहते.