वसई पाहायची तर दिवस काढून

वरोरहून वसईला जायचे म्हणजे वाणगाव गाठायचे, डहाणूहून येणारी गाडी धरायची आणि बोईसर, पालघर, सफाळे, विरार करीत वसई रोडला उतरायचे. आमच्याकडची माणसे दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी, पोराच्या ॲडमिशनसाठी त्या बाजूला सारखी जातात. किल्ल्यात मात्र पाय क्वचितच वळतो, आणि वळला तरी दोन फोटो काढून मंडळी परत. माझे तसे नाही. मी डाय कोरतो. वरोर-वाढवणच्या पट्ट्यात दागिन्यांचे डाय करणारे पुष्कळ आहेत, त्यातलाच एक. दिवसभर पोलादात फुले-पाने उलटी कोरणाऱ्या माणसाला कुठे कोरीव काम दिसले की तो पुढे सरकत नाही. त्या नादाने मी वसईच्या किल्ल्यात एकटाही हिंडलो आहे आणि गोतावळा घेऊनही. गोतावळ्याची एक खेप अशी झाली की तेव्हापासून किल्ल्याला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी पाच मिनिटे बसवून घेतो.

माझी भाची लिस्बनला नोकरीला आहे. सुट्टीवर आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये बताल्याचे फोटो होते. बताल्या हे मध्य पोर्तुगालमधले लहानसे गाव. त्याची सगळी ओळख तिथल्या गॉथिक मठामुळे. 14 ऑगस्ट 1385 रोजी जवळच अल्जुबारोटाला पोर्तुगीजांनी कॅस्टिलच्या फौजेला हरवले. लढाईआधी राजा पहिला जुआंव याने मेरीमातेला नवस केला होता, तो फेडायला पुढच्याच वर्षी त्याने हा मठ बांधायला घेतला. काम सव्वाशे वर्षांहून जास्त चालले, तरी एका टोकाची प्रार्थनाघरे राहिलीच. आजही त्यांच्यावर छप्पर नाही, खांब तेवढे आभाळात उभे आहेत. भाची म्हणाली, "मामा, त्यांच्या गावातला मठ मी पाहिला. त्यांनी आपल्याकडे बांधलेले तू दाखव."

मागणी रास्त होती. पण आमच्याकडे एकाने कुठे जायचे म्हटले की घरातले सगळे चपला घालतात. मेव्हणे, त्यांची दोन मुले, ऐंशीला टेकलेली आत्या, शेजारची एक काकू, असा लवाजमा. महिना मे. मेव्हण्यांच्या मते किल्ला हे तासाभराचे काम, त्यामुळे न्याहारी-आंघोळी निवांत झाल्या, हाताशी होती ती गाडी गेली आणि पुढच्या गाडीने आम्ही किल्ल्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

सगळा घोटाळा या तासाभराच्या हिशेबाचा असतो. वसईचा किल्ला म्हणजे रायगड-शिवनेरीसारखा गड नव्हे, तटबंदीच्या आत वसलेले एक अख्खे शहर आहे. 23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षे दमणपासून खाली त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार इथून चालला. दहा बुरूज, साडेचार किलोमीटरच्या आसपास तट, जमिनीकडे एक दरवाजा आणि बंदराकडे एक. आत बालेकिल्ला, रस्ते, इस्पितळ, आणि मठ तर किती: फ्रान्सिस्कनांचा, जेझुइटांचा, डॉमिनिकनांचा, ऑगस्टिनियनांचा. बताल्याचा मठही डॉमिनिकनांच्याच ताब्यात होता. म्हणजे एकाच पंथाचे साधू तिकडे पूर्ण न झालेल्या मठात नांदत होते आणि इकडे वसईच्या दमट हवेत. एवढे सगळे भर दुपारी, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन तासाभरात कसे व्हायचे? आत्या अर्ध्या तासातच वडाखाली बसल्या. पाण्याच्या बाटल्या त्याच्याही आधी संपल्या होत्या. आत विकत पाणी मिळेलच असे धरू नका. माणशी दोन लिटर घरून न्या. शौचालयाचे वसई गावातच उरकून घ्या. मोठ्या माणसांची, विशेषतः बायकांची, यावरून फार कुचंबणा होते आणि सहल आखणाऱ्याच्या ते ध्यानातही नसते.

तेवढ्यात एक पोरगा चिकटला. "सगळा किल्ला दाखवतो, साहेब." ढासळलेल्या चर्चला त्याने राजवाडा म्हटले, थडग्यांच्या दगडांना खजिन्याची झाकणे, आणि एका भुयाराचे तोंड दाखवून ते थेट मुंबईपर्यंत जाते म्हणाला. मुले खूश. भाचीने त्याला दरवाजावरचा लेख वाचायला सांगितला तेव्हा त्याला फोन आला. त्या पोराला मी नावे ठेवणार नाही, पोटासाठी करतो. पण ऐकीव गोष्टींना पैसे देण्यापेक्षा आदल्या रात्री थोडे वाचून जावे. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवर 1876 साली पुस्तक लिहिले, त्यात इथले शिलालेख टिपलेले आहेत. मराठ्यांनी पोर्तुगीजांवर केलेल्या मोहिमेसाठी य. न. केळकरांचे 'वसईची मोहीम' बघावे.

वाचले नाही तर काय होते, तेही सांगतो. मेव्हण्यांनी तिथूनच फोटो टाकले आणि खाली लिहिले 'गॉथिक चर्च'. काळा पडलेला उंच दगड दिसला की आपल्याकडे सगळेच गॉथिक होते. भाचीने मोबाइलवर बताल्याचा फोटो लावून जेझुइटांच्या चर्चच्या दर्शनी भिंतीशेजारी धरला. बताल्यात कमान वर टोकदार होत जाते, छताला दगडाच्या फासळ्या, भिंतीवर भाल्यांसारखे सुळके. इथे कमान गोल, दोन्ही बाजूंना पानांच्या माथ्याचे खांब आणि सगळे मापात बसवलेले. दीडशे वर्षांत त्यांचीही फॅशन बदलली होती. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की नुसते 'जुने चर्च' म्हणून पुढे जाववत नाही.

हे जेझुइटांचे चर्च आता गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखले जाते. वसईतच जन्मलेला, इथल्याच जेझुइटांकडे शिकलेला हा मुलगा पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला. 1862 साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. वसईची ख्रिस्ती मंडळी अजून इथे सणाला जमतात. तेव्हा पडक्या भिंती समजून वेदीच्या जागेवर चढून पोज देऊ नका. आत नागेश्वराचे देऊळही आहे, तिथे जशी चप्पल काढता तशीच अदब इथेही.

आता मनोऱ्याचे. समुद्राकडच्या दरवाजाजवळ सेंट जोसेफचे चर्च आहे, गावाचे मुख्य चर्च. तिसऱ्या जुआंवच्या हुकमाने 1546 मध्ये बांधलेले. 1601 मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिसच्या काळात ते नव्याने केले, तसा लेख दरवाजावर आहे. त्याच्या मनोऱ्यात गोल फिरत जाणारा दगडी जिना. अंधार, एका माणसापुरती रुंदी, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. मोठा भाचा कुणाला न विचारता वर गेला. उतरताना खालून दुसरी पोरे चढत आली, त्यांना वाट द्यायला तो आतल्या अंगाला सरकला. तिथे पायरी चार बोटांची, पाय मुरगळला. बसत बसत, एकेक पायरी ढुंगणावर उतरत तो खाली आला तेव्हा घोटा नारळाएवढा सुजला होता. त्याला रस्त्यापर्यंत दोघांनी उचलून आणले आणि रिक्षा मिळायला जो वेळ गेला त्यात आत्यांनी सगळ्या देवांना हाक मारून घेतली. हाड मोडले नव्हते, पण पोराचे अख्खे दोन आठवडे घरात गेले.

म्हणून माझे ऐका: जिना उघडा असो की बंद, चढू नका. वरून समुद्र छान दिसतो, कबूल. समुद्र आपल्या वरोरलाही दिसतो. तटावर चालतानाही कडेने जाऊ नये. पिंपळाच्या मुळांनी दगड आतून सुटलेले असतात आणि वरचे गवत ती फट झाकून टाकते. पावसाळ्यात तर शेवाळ आणि सापांचे दिवस, तेव्हा हिरवळीच्या फोटोंना भुलू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शक्यतो रविवार सोडून, सकाळी आठच्या आत दरवाजात. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी त्यानंतर येऊ लागतात, आणि एकदा का त्यांचे झगे कमानीत पसरले की तुम्हाला उभे राहायलाही जागा उरत नाही.

लवकर जाण्याचे खरे कारण माझ्या धंद्यातले आहे. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, एकीला लागून एक. दुपारी त्या नुसत्या काळ्या फरश्या दिसतात. माणसे त्यांच्यावरून चालत जातात, डबे उघडून जेवायलाही बसतात. सकाळचे ऊन तिरपे आले की त्याच फरशीवर अक्षरे उठतात. डाय तपासताना आम्हीही दिवा वर न धरता बाजूने धरतो, म्हणजे कोरीव खोलीत सावली पडते आणि चूक लपत नाही. तिथे बसून पाहिले की कोणत्या कारागिराचा हात बसलेला होता आणि कोण उमेदवार होता, हे कळते. एका शिळेवर घराण्याची ढाल कोरलेली आहे. तिच्या कडेची वेल इतकी एकसारखी की छिन्नी कुठे उचलली ते सापडत नाही. खालच्या ओळीतली अक्षरे मात्र शेवटी दाटीवाटीने कोंबली आहेत. जागा आधी मोजली नव्हती. हा प्रकार आमच्या कारखान्यातही होतो आणि मालक बोलतो. शिळेवर खडू घासून, पाणी ओतून वाचू नका. बाजूने मोबाइलचा टॉर्च धरला तरी पुरते.

बालेकिल्ल्याच्या बाजूला मराठ्यांच्या त्या मोहिमेचे सेनापती चिमाजीअप्पा यांचा पुतळा आहे, बहुतेक सहली तिथेच संपतात. लढाई कुठे झाली ते बघायचे तर सेंट सेबॅस्टियन बुरुजाकडे जा. फेब्रुवारी ते मे 1739 असा वेढा चालला, शेवटी सुरुंग लावून हा बुरूज फोडला आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. आठवड्याची मुदत देऊन त्यांना शस्त्रे, निशाणे आणि नगाऱ्यांसह जाऊ दिले. चर्चमधल्या घंटा मात्र इकडे राहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईची, तिच्यावर 1721 हे साल आहे. वाईजवळ मेणवलीची घंटाही तिथलीच सांगतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे सांगा. रिकाम्या मनोऱ्याकडे मग ती वेगळ्या नजरेने बघतात.

भाचीला हे सांगताना वज्रेश्वरीचा विषय निघाला. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी देवीला केला होता असे परंपरा सांगते, आणि तटबंदी असलेले ते देऊळ त्यातून उभे राहिले. बताल्याच्या राजाचा नवस आणि हा नवस, मध्ये साडेतीनशे वर्षे. एकदा नवस पोर्तुगीजांनी फेडला, एकदा पोर्तुगीजांना हरवल्याबद्दल फेडला गेला. मेव्हण्यांना हे इतके आवडले की सुजलेल्या घोट्यासकट तिथूनच वज्रेश्वरीला गाडी करू म्हणाले. तसले काही करू नका. एका दिवसात एक वसईच पुरे. वज्रेश्वरीला पायऱ्या आहेत, गरम पाण्याची कुंडे आहेत. तो वेगळा दिवस.

परतीचा विचार सकाळीच करून ठेवा. मुंबईकडच्या पाहुण्यांना फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर-वसई रो-रो बोट आहे, ती किल्ल्यालगतच्या जेट्टीला लागते. वेळा भरती-ओहोटीवर असतात, विचारून घ्या. आपल्याला मात्र गाडीशिवाय इलाज नाही. विरारच्या पुढे डहाणूकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि मध्ये ब्लॉक असला की विचारूच नका. त्या दिवशी आम्ही विरारला फलाटावर इतके ताटकळलो की आत्यांची शेजारच्या प्रवाशाच्या घरची सगळी माहिती काढून झाली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास किल्ल्यातून निघा, त्याच्या पुढे नको.

एवढ्या लांब जायला जमत नसेल, किंवा वसईआधी थोडा सराव हवा असेल, तर तारापूर जवळ आहे. जानेवारी 1739 मध्ये वसईच्या आधी मराठ्यांनी हा किल्ला लढून घेतला. त्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथे पडले. वरोरहून चिंचणीमार्गे सायकलनेही जाता येते. आत खासगी वाडी आहे, तेव्हा बाहेरून तट बघा आणि आत जायचे तर आधी मालकांना विचारा. ओळखीचा माणूस बरोबर असेल तर ते सहसा नाही म्हणत नाहीत.