सर्टिफिकेट घ्याच, पण तोंडही उघडा!

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत हॉस्टेलवर एक वाक्य हमखास कानावर येतं : "उत्तर येत होतं रे, सांगता नाही आलं." जव्हार-मोखाड्याकडच्या आम्हा मुलांना तर ते जास्तच लागू पडतं. घरी वारली नाहीतर कोकणा बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि इथे आल्यावर एकदम इंग्रजी! बीमचं डिझाईन जमतं, पण ते तसंच का केलं हे समोरच्याला सांगताना घशाला कोरड पडते.

हे सांगणं-लिहिणं म्हणजेच प्रोफेशनल कम्युनिकेशन. परदेशातली काही विद्यापीठं त्याचं पदवीनंतरचं सर्टिफिकेट ऑनलाईन देतात, पण फी डॉलरमध्ये. मेसचं बिल थकवणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

आपल्यासाठी एनपीटेल आहे. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. २०१४ पासून परीक्षा घेऊन सर्टिफिकेट मिळू लागलं आणि २०१७ मध्ये 'स्वयम्' पोर्टल आलं. रुरकीचे प्रा. बिनोद मिश्रा यांचे 'सॉफ्ट स्किल्स' आणि 'इफेक्टिव्ह रायटिंग', खरगपूरच्या प्रा. अंजली गेरा रॉय यांचा 'स्पीकिंग इफेक्टिव्हली' हे कोर्स याच विषयातले. प्रत्येक फेरीत सगळेच असतात असं नाही, यादी बघून घ्यावी.

शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. दर आठवड्याला एक असाइनमेंट असते. तिचे २५ गुण, परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत ३० हवेत. एकूण ६० च्या पुढे 'एलिट', ९० ला सोनेरी शिक्का. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादा आठवडा हुकला तर घाबरू नये. फेऱ्या जानेवारी आणि जुलैच्या. आमच्याकडच्यांनी शक्यतो जानेवारीचीच धरावी. पावसात घरी गेलात आणि लाईट गेली की नेटवर्कही गेलंच समजा! व्हिडिओ कॉलेजच्या नेटवर आधीच उतरवून ठेवावेत. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यायची, म्हणून फॉर्म भरतानाच एसटीचा विचार करावा.

आता खरी मेख. असाइनमेंट आणि परीक्षा बहुतेक बहुपर्यायी. म्हणजे एकही पत्र न लिहिता, एकदाही तोंड न उघडता 'संवादकौशल्या'चं सर्टिफिकेट हातात पडू शकतं! पॅनेल सर्टिफिकेट बघतं आणि पुढच्याच मिनिटाला म्हणतं, "टेल अस अबाऊट युवर प्रोजेक्ट." तिथे चार पर्याय नसतात. म्हणून कोर्सबरोबर दर रविवारी चौघांनी रूमवर बसून एक विषय मांडावा. हसणाऱ्याला पुढचा नंबर.

विषय हवा असेल तर आमच्या भागातलाच देतो. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस. तालुक्यातल्या कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणाची योजना मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी झाली. तरी उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर! का? उतार तीव्र, खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, वाहून जातं. धरण खाली दरीत, पाडे वर डोंगरावर, उचलून आणायला पंप, पाईप आणि वीज लागते.

हेच १५० शब्दांत तीनदा लिहा. पहिल्यांदा पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरसाठी : उंचीतला फरक, पंपाची क्षमता, आकडे. दुसऱ्यांदा पैसे देऊ शकणाऱ्या कंपनीच्या साहेबांसाठी : खर्च किती, पाणी किती घरांना, काम कधी संपेल. दोन्ही इंग्रजीत. तिसऱ्यांदा गावच्या सरपंचांसाठी, साध्या मराठीत, 'हेड' आणि 'डिस्चार्ज' हे शब्द न वापरता. पहिले दोन कागद सरांना दाखवून चालेल. तिसरा मात्र सुट्टीत घरी न्या, आजीला वाचून दाखवा आणि ती काय काय विचारते ते लिहून आणा.