पंप बंद केल्यावर बोअर खरं बोलतो

जांबोटीच्या माळावर बोअर मारलास, पाणी लागलं, उत्तम. पण पंप घ्यायची घाई नको. माझी नोकरी मुंबई हायवर तेलाच्या विहिरी तपासण्यात गेली. 1974 साली समुद्राखाली सापडलेलं ते तेल चुनखडीत होतं, तुझ्याकडं वर जांभा आणि खाली कातळ. तरी विहिरीकडं द्रव कसा सरकतो याचा हिशेब दोन्हीकडं एकच. चार्ल्स थाइस या अमेरिकन माणसानं 1935 मध्ये तो पाण्यासाठी मांडला, तेलवाल्यांनी पुढं तोच वापरला.

कॉम्प्रेसरनं पाणी उडवून बोअरवाला ‘दोन इंची’ म्हणतो, त्यावर कर्ज काढू नकोस. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी उभं असतं. पातळी शंभर फूट उतरली तर साडेसहाशे लिटर नुसतं बोअरच्या पोटातलं. सुरुवातीचा आकडा या साठ्याचा असतो, खडकाचा नव्हे.

खडक किती देतो ते कळायला तात्पुरत्या पंपानं आठ तास सलग उपसून पातळी मोजायची. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये घे. पुढं कणकुंबीला मलप्रभेचा उगम, पाऊस मुबलक. श्रावणात इथला कुठलाही बोअर श्रीमंत दिसतो. शेजाऱ्याला त्या दिवशी पंप बंद ठेवायला सांग आणि जमलं तर त्याच्या बोअरची पातळीही मोज. धार मात्र एकसारखी हवी. दोनशे लिटरचं बॅरल किती वेळात भरतं ते घड्याळ लावून अधूनमधून बघ, व्हॉल्व्हला मधेच हात लावू नकोस. वीज जाणार असेल तर जनरेटर आण. खंड पडला की सगळी आकडेमोड वाया.

आता खरी गंमत. पातळी एक, दोन, चार, आठ तासांनी लिहून ठेव आणि प्रत्येक टप्प्यात किती फूट उतरली ते बघ. दर टप्प्याला सारखीच उतरत असेल तर पाणी चहूबाजूंनी येतंय, खुशाल राहा. ही उतरण टप्प्यागणिक सुमारे दीडपट होत असेल तर ते एकाच लांब भेगेतून येतंय. एकदा दुप्पट होऊन मग तेवढीच राहिली तर एका बाजूला कातळाची भिंत आडवी आहे. दर टप्प्याला दुप्पटच होत गेली तर चारी बाजू बंद. तुला हौद लागलाय, झरा नव्हे. आणि उतरायचीच थांबली तर ओढा किंवा तळं जवळून पाणी पुरवतंय. ते उन्हाळा संपेपर्यंत टिकतं का, हे आधी विचार.

यापेक्षाही मोलाचं पंप बंद केल्यानंतरचं. तेव्हा धार कमीजास्त व्हायचा प्रश्नच उरत नाही, म्हणून ते आकडे सर्वात स्वच्छ. तेलाच्या विहिरी आम्ही याचसाठी मुद्दाम बंद ठेवायचो. त्या नोंदी वाचायची हॉर्नर नावाच्या तेलवाल्याची रीत 1951 पासूनची. लोक पंप थांबला की जेवायला घरी जातात, आणि नेमकी तीच वेळ हातची जाते. पहिला तास मिनिटामिनिटाला मोज, नंतर सवडीनं. आठ तास उपसल्यावर त्याच रात्री पातळी पूर्ण भरली नाही तर घाबरू नकोस, ते साहजिक आहे. तिसऱ्या दिवशीही दहा-पंधरा फूट खालीच अडकली असेल तर साठा लहान आहे.

मग ऊस विसर. मेमध्ये आठ तासांनंतर जी धार टिकते, तिच्याच मापाचा पंप घे.