तंबाखूच्या पानातील निकोटीन

मंडळीतील एखादी बहीण मशेरी सोडण्याचे वचन देते आणि आठ दिवसांत ती पुन्हा लावू लागते. तेव्हा तिचा विश्वास दुर्बळ आहे, असे आपण सहज बोलून जातो. असा निवाडा करण्यापूर्वी त्या पानात काय आहे हे कळावे, म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

तंबाखूच्या मुळांत निकोटीन नामक द्रव्य तयार होऊन ते पानांत साठते. त्याजमुळे झाडाचे किडीपासून रक्षण होते; म्हणूनच तंबाखूचा काढा पूर्वी पिकांवर शिंपडीत असत. इ. स. १८२८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व राइमान ह्या दोघांनी हे द्रव्य प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. ते बिनरंगी, तेलासारखे व जहाल विषारी असते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांस ओकारी व घेरी येते, ती हे विष कातडीतून अंगात शिरल्यामुळेच.

तंबाखूस चुना लावून मळण्याचेही कारण आहे. पानात निकोटीन आम्लाशी जखडलेले असते. चुन्याने ते मोकळे होऊन तोंडातून त्वरित रक्तात उतरते. त्याने क्षणभर हुशारी वाटते व नाडी जलद होते. पुढे मेंदू त्यास इतका सवकतो की, ते न मिळाल्यास चित्त बेचैन होते, राग येतो, झोप उडते. तोंडाचा कर्करोग मुख्यत्वे तंबाखूतील इतर द्रव्यांमुळे होतो. परंतु माणसास त्यांपाशी बांधून ठेवणारी बेडी निकोटीनच होय.

नवल असे की, ही बेडी तोडण्यासही तेच द्रव्य कामी येते. २ किंवा ४ मिलिग्रॅम निकोटीन असलेला चघळण्याचा गम, तसेच कातडीवर चिकटविण्याची पट्टी, ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. गम थोडा चावून गालात धरावा, आणि मात्रा हळूहळू कमी करीत जावे. गरोदर स्त्रियांनी व हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. मुलांच्या हाती तो लागू देऊ नये.

शिक्षक बंधूंनो, जो पुन्हा पडला त्यास दोष देऊन मंडळीतून दूर लोटू नका. त्याजबरोबर प्रार्थना करा, आणि त्याच आठवड्यात त्याजबरोबर दवाखान्यातही जा. शरीर हे देवाचे मंदिर आहे असे आपण शिकवितो. तर ते झाडावयास हात लावणे हेही आपलेच काम आहे.