दोन विहिरी, एक नळ

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिले तर नुसते पाणी दिसते. पण याच समुद्रात, बरेच उत्तरेला, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच्या दक्षिणेला, रत्नागिरीला अधिक जवळ, ‘रत्ना’ हे लहान क्षेत्र आहे.

अशा क्षेत्रात अनेक विहिरींचे तेल, वायू व पाणी समाईक नळांतून प्लॅटफॉर्मवर येते. तेथे ते वेगळे होते. मग दहा विहिरींचे उत्पादन एका विहिरीच्या दसपट असेल काय? नाही! घरात दोन नळ एकदम सोडले की दोन्हींची धार बारीक होते, तेच येथे घडते.

सोपे गणित करू. समजा, विहिरीच्या तोंडाशी जास्तीत जास्त दाब ४० एकक आहे आणि समाईक नळातला दाब ‘द’ आहे. विहिरीचा रोजचा प्रवाह = २० × (४० − द). नळाच्या पलीकडच्या टोकाला दाब १० आहे आणि दर २० एकक प्रवाहामागे अलीकडचा दाब १ ने वाढतो. एकच विहीर असेल तर प्रवाह ३०० व द = २५ येतो. ताळा करून पाहा. दुसरी तशीच विहीर जोडली की प्रत्येकीचा प्रवाह २०० वर उतरतो, एकूण ४०० होतो, आणि द = ३०. (खऱ्या प्रवाहाची समीकरणे इतकी सरळ नसतात, तेल, वायू व पाणी एकत्र वाहू लागले की ती फारच किचकट होतात.)

साठा, विहिरी, नळ यांची समीकरणे एकत्र जुळवली की संपूर्ण क्षेत्राचे गणिती प्रतिमान तयार होते. ते संगणक सोडवतो. अवघड काम पुढेच आहे, कारण क्षेत्र रोज बदलते. साठ्याचा दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी वाढते, नळात मेण साचते, कोणीतरी झडप थोडी आवळतो. प्रतिमानाला हे कळवले नाही, तर ते कालच्या क्षेत्राचे उत्तर आज देते.

वर्षाने मापकावर ४०० ऐवजी ३२० दिसले असे धरा. साठा उतरून विहिरीचा दाब ४० चा ३४ झाला असेल, तर द = २६ येईल. नळ तुंबला असेल, तर द = ३२ होईल. आणि द पूर्वीचाच ३० राहिला, तर मापकावरच संशय घ्यावा. मापकावर तिन्ही वेळा ३२० च. दाबमापी मात्र निरनिराळे सांगतो. येथे चूक महाग पडते. नळ साफ करायचा असताना नवी विहीर खणली, तर भर समुद्रातला सारा खर्च वाया!

म्हणून प्रतिमानाची निगा राखणाऱ्या खास आज्ञावल्या असतात. त्या रोजची मापे घेतात, गणिताच्या उत्तराशी ताडून पाहतात आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की त्या विहिरीवर खूण करतात. कोणता आकडा कोणी, केव्हा व का बदलला याची नोंदही ठेवतात. मला ही नोंदच सर्वांत मोलाची वाटते. आकडे ओढूनताणून जुळवणे सोपे असते, कारण शोधणे नव्हे. आज्ञावली खूण करते. नळ तुंबला की मापक बिघडला, हे अभियंत्यालाच ठरवावे लागते.

आता वरच्या नळाला तिसरी विहीर जोडा. एकूण प्रवाह किती होईल?