तहान लागण्यापूर्वी विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण जाणतो. घरखर्चाच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा विसरतो. जूनमध्ये शाळेचे शुल्क व वह्यापुस्तके, पुढे दिवाळी, मार्चमध्ये विम्याचा हप्ता. यांविषयी ‘खर्च अचानक अंगावर आला’ असे घरोघरी म्हटले जाते. वस्तुतः त्यांची वेळ वर्षभर आधी ठाऊक असते. आजार व अपघात तेवढे न सांगता येतात.

अशा प्रसंगी पूर्वी सावकाराचे दार गाठावे लागे. त्यातून सुटण्यासाठी १८८९ साली आपल्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी! अनेकांच्या लहान लहान बचती एकत्र करून एकाची नड भागवावी, हे त्या मंडळीचे सूत्र होते. तेच सूत्र एका कुटुंबालाही लावता येते. तेथे बारा महिने एकमेकांना साहाय्य करतात.

उदाहरण घेऊ. एका घरी दिवाळीस १२,००० रुपये, मार्चमध्ये विम्यास ६,००० व जूनमध्ये शाळेस १८,००० रुपये लागतात. एकूण ३६,००० रुपये, म्हणजे दरमहा ३,०००. जुलैपासून आरंभ केल्यास ऑक्टोबरपर्यंत १२,००० जमून दिवाळी पार पडते. नोव्हेंबर ते मार्च १५,००० जमतात. त्यांतून विमा भरून ९,००० उरतात. एप्रिल, मे व जूनचे ९,००० मिळवले की शाळेची रक्कम सिद्ध होते.

मोठ्या, एकदाच येणाऱ्या खर्चाचाही हिशेब असाच करावा. गच्चीच्या दुरुस्तीस दोन वर्षांनी ६०,००० रुपये लागणार असतील, तर दरमहा २,५०० बाजूस काढावे. तीच रक्कम दरमहा शेकडा दोन व्याजाने काढली, तर मुद्दल कायम असेपर्यंत वर्षाला १४,४०० रुपये केवळ व्याजापायी जातात. ‘शेकडा दोन’ हे शब्द लहान वाटतात. वर्षाचा दर मात्र चोवीस होतो!

दोन्ही रकमांची बेरीज मिळकतीला झेपत नसेल, तर कोणता खर्च लांबवता येईल ते सर्वांनी बसून ठरवावे. शाळेचे शुल्क थांबत नाही. दिवाळीचा थाट कमी करता येतो.

पैसा कोठे ठेवावा, हे त्याच्या मुदतीवरून ठरते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते. दोन वर्षांच्या कामासाठी बँकेतील तेवढ्याच मुदतीची आवर्ती ठेव सोयीची. आजारपणासाठीची रक्कम मात्र हवी तेव्हा काढता येईल अशा बचत खात्यात असावी. सुरक्षितताही पाहावी. पुढे बँक झालेली आपली ‘अन्योन्य’ एकविसाव्या शतकात अडचणीत येऊन बंद पडली, हे विसरू नये. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या, मुद्दल व व्याज मिळून, पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे.

मांजलपुरातील पुष्कळ घरांत मिळकत महिन्याच्या ठरावीक तारखेस येते. त्याच दिवशी प्रथम बचत बाजूला काढावी व मग उरलेल्यात घर चालवावे. विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत एका वहीत बारा महिन्यांची बारा पाने आखावी, आईवडिलांना विचारून प्रत्येक पानावर त्या महिन्याचा मोठा खर्च लिहावा आणि बेरजेस बाराने भागावे. गणिताच्या वर्गात शिकलेला भागाकार त्या दिवशी घराच्या उपयोगी पडेल.