एफआरपी पाइपला स्टीलचे आकडे लावू नका

कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात सांडपाण्याच्या नव्या एफआरपी (काचेच्या धाग्यांनी बळकट केलेलं प्लास्टिक) लाइनची हायड्रोटेस्ट चालू होती. दाब पूर्ण चढण्याआधीच व्हॉल्व्हजवळचा फ्लँज मुळाशी तडकला. ‘पाइपच निकृष्ट’ म्हणून सगळे व्हेंडरला धारेवर धरत होते. कारण शोधायला मला बोलावलं. रेझिन, जाडी, जॉइंट सगळं तपासलं. माल चोख होता. घोळ डिझाइनच्या फाइलमध्ये सापडला. व्यास आणि जाडी एफआरपीची भरली होती, बाकी सगळे गुणधर्म स्टीलचे. सपोर्टची अंतरं जुन्या स्टील लाइनच्या ड्रॉइंगवरून उचलली होती. व्हॉल्व्हला स्वतंत्र आधार नव्हता, आणि व्हॉल्व्हच्या, मध्यभागी उंचवटा असलेल्या फ्लँजवर एफआरपीचा सपाट फ्लँज जोर लावून आवळला होता.

स्टील सर्व दिशांना सारखं वागतं. एफआरपीची ताकद काचेचे धागे जिकडे धावतात तिकडे असते. आतल्या दाबानं परिघाच्या दिशेला येणारा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो, म्हणून धागे अक्षाशी साधारण ५५ अंशांत गुंडाळतात. दाब पेलायला ही रचना उत्तम. पण पाइप वाकला की वाढीव ताण लांबीच्या दिशेला पडतो, आणि तिथे हाताशी ताकद कमी असते. म्हणूनच या पाइपांसाठीच्या आयएसओ १४६९२ मानकात अक्षीय ताणाची मर्यादा एका ठरावीक आकड्यात मिळत नाही. परिघाच्या दिशेला किती ताण आहे, त्यावर ती ठरते.

दुसरा फरक तापमानाचा. स्टील दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं. अशा गुंडाळलेल्या एपॉक्सी पाइपची वाढ १८ ते २० च्या घरात असते. ५० मीटरच्या लाइनमध्ये ४० अंशांच्या फरकानं ३६ मिलिमीटर किंवा जास्तच. त्यात दाबानंही हा पाइप लांबतो. स्टीलमध्ये ही वाढ बहुधा सोडून देतात, इथे ती हिशेबात धरावीच लागते. मात्र लांबीच्या दिशेचा मॉड्युलस स्टीलच्या २०० गिगापास्कलसमोर १२ च्या आसपास असल्यानं वाढ रोखली तर येणारा ताण स्टीलच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. त्यामुळे पुष्कळदा लूप न टाकता अँकर आणि जवळजवळ गाइड देऊन लाइन धरता येते. गाइडचं अंतर मात्र रोखलेल्या वाढीच्या जोरानं पाइप बाजूला वाकणार नाही असं काढावं.

स्टील थोडं ‘यील्ड’ होऊन तापमानाचा ताण सैल करतं. एफआरपी तसं करत नाही. रेझिनमध्ये सूक्ष्म भेगा पडतात आणि पाइप घाम आल्यासारखा पाझरू लागतो. म्हणून तापमानाचा ताण वजन आणि दाबाच्या ताणात मिळवूनच तपासावा लागतो. ताणाच्या मर्यादेला लावायचे आयएसओमधले गुणक लक्षात ठेवा: कायमच्या भारासाठी ०.६७, त्यात तापमान धरलं तर ०.८३, वॉटर हॅमरसारख्या प्रासंगिक भारासाठी ०.८९.

साइटवरच्या तरुण इंजिनिअरांना माझं कळकळीचं सांगणं: मॉडेल करण्याआधी व्हेंडरकडून दोन्ही दिशांचे मॉड्युलस, पॉयसन गुणोत्तर, प्रसरणांक आणि ताणाची मर्यादारेषा लेखी मागवा. एल्बो आणि टीचे स्ट्रेस फॅक्टरही त्यांच्याकडूनच घ्या. व्हॉल्व्हचं वजन थेट जमिनीवर उतरवा. सपोर्टला रुंद सॅडल द्या, खाली रबर पॅड घाला. उघड्या अँगलच्या धारेवर पाइप टेकवू नका. अँकरच्या क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना पाइपवर लॅमिनेटचं कडं चढवा, नुसत्या आवळण्यावर विसंबू नका. समोरचा फ्लँज सपाटच घ्या, पूर्ण रुंदीचा गॅस्केट घाला आणि बोल्ट टॉर्क रेंचनं, समोरासमोरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं आवळा. आणि स्ट्रेस रिपोर्टला व्हेंडरच्या सहीचे आकडे जोडलेले नसतील, तर तो मंजूर करू नका. वेळापत्रक कितीही घाईचं असो.